आपला संघ कोणता?

जून २०२२ च्या शेवटच्या आठवड्यात ग्वाल्हेरमधील पुष्कळ मराठी घरांत एक पेच उत्पन्न झाला होता. गमतीचा खरा, पण दिसतो तितका साधा नव्हे. बंगळूर येथे रणजी करंडकाचा अंतिम सामना चालू होता. एका बाजूस मुंबई, दुसऱ्या बाजूस मध्य प्रदेश. ज्यांनी विजय मर्चंट, अजित वाडेकर आणि सुनील गावसकर ही नावे देवघरातील नावांच्या खालोखाल मानली, त्या आजोबांचा ओढा मुंबईकडे. ज्यांचा जन्म येथला आणि शाळाही येथलीच, त्या नातवंडांचा ओढा अर्थातच मध्य प्रदेशाकडे. लष्कर भागातील जुने वाडे सोडून जी मराठी कुटुंबे आता सिटी सेंटरच्या सदनिकांतून राहावयास आली आहेत, त्यांच्या दिवाणखान्यात त्या आठवड्यात सरळ सरळ दोन पक्ष पडले.

मुंबईने पहिल्या डावात ३७४ धावा केल्या. मध्य प्रदेशाने यश दुबे, शुभम शर्मा आणि रजत पाटीदार यांच्या शतकांच्या बळावर ५३६ धावांचे उत्तर दिले आणि २६ जून रोजी सहा गडी राखून सामना जिंकला. करंडक ४१ वेळा जिंकलेल्या संघाला एकदाही न जिंकलेल्या संघाने हरविले. पेचाला आणखी एक पीळ होता. विजयी संघाचे प्रशिक्षक चंद्रकांत पंडित हे मुंबईचेच जुने यष्टिरक्षक. १९९८-९९ साली याच मैदानावर, याच स्पर्धेच्या अंतिम सामन्यात, पहिल्या डावात आघाडी घेऊनही कर्नाटकाकडून हरलेल्या मध्य प्रदेशाचे कर्णधारही तेच होते. तेव्हा आजोबांना तडजोडीस जागा मिळाली : "जिंकला कोण, तर आपला पंडितच ना!" नातवंडांनी ही तडजोड मान्य केली नाही, आणि आमच्या मते त्यांचेच बरोबर होते. संघ जिंकतो तो मैदानावरील अकरांच्या नावाने.

परंतु या घरगुती वादाच्या मुळाशी जो प्रश्न आहे, तो आम्हांस महत्त्वाचा वाटतो. आपला संघ कोणता हे ठरविते कोण? जन्म, भाषा, आडनाव ही उत्तरे पटकन सुचतात. प्रत्यक्षात हे ठरते ते एखाद्या मंडळाच्या बैठकीत, टेबलावर नकाशा पसरून कोणी तरी रेघा ओढतो तेव्हा. अमुक गाव अमुक विभागात, तमुक विद्यापीठ तमुक गटात. रेघ ओढणारे उठून जातात. मग दोन-तीन पिढ्या त्या रेघेच्या अलीकडून आणि पलीकडून एकमेकांना हरविण्याची स्वप्ने पाहतात.

रेघा कोणत्या पायावर ओढावयाच्या, याचे प्रयोग आपल्या देशात पुष्कळ झाले. मुंबईची चौरंगी आणि १९३७ पासूनची पंचरंगी स्पर्धा धर्मावर उभी होती : हिंदू, मुसलमान, पारशी, युरोपियन आणि 'इतर'. गर्दी लोटे, चुरस विलक्षण असे, पण गांधीजींनी १९४० साली तिच्याविरुद्ध स्पष्ट मत दिले आणि १९४६ नंतर ती बंद पडली ते योग्यच झाले. १९३४-३५ मध्ये सुरू झालेल्या रणजी करंडकाने प्रांत आणि संस्थाने हा पाया धरला आणि त्यांची उत्तर, दक्षिण, पूर्व, पश्चिम अशी विभागणी केली. मध्य विभाग त्यात १९५२-५३ साली आला.

महाराष्ट्राबाहेरच्या मराठी वाचकांनी या इतिहासातील एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी, कारण ती आपल्याच घरची आहे आणि आपल्याच मुलांना ठाऊक नाही. १९४४-४५ ते १९५४-५५ या अकरा हंगामांत रणजी करंडकाचे जे अकरा अंतिम सामने झाले, त्यांपैकी दहांत एक संघ इंदूरच्या होळकरांचा होता. चार वेळा तो जिंकला, सहा वेळा हरला. आणि त्या दहांपैकी तीन अंतिम सामने होळकर आणि बडोदे यांच्यात झाले : १९४५-४६, १९४६-४७ आणि १९४९-५०. होळकर आणि गायकवाड! ज्या दोन सरदार घराण्यांचे घोडे अठराव्या शतकात एकाच छत्राखाली उत्तरेकडे आणि गुजरातेत दौडले, त्यांच्या राजधान्या विसाव्या शतकात चेंडूफळीने एकमेकींशी लढल्या. महाराष्ट्राच्या भूमीबाहेर, दोन मराठी दरबारांत, देशाचे अजिंक्यपद ठरत होते. ही घटना शाळेच्या कोणत्याही इतिहासाच्या पुस्तकात नाही.

सामने तरी कसे! मार्च १९४७ मध्ये बडोद्यास झालेल्या अंतिम सामन्यात सांगलीचे विजय हजारे आणि गुल महंमद यांनी चौथ्या गड्यासाठी ५७७ धावांची भागी केली. हजारे २८८, गुल महंमद ३१९. कोणत्याही गड्यासाठी ही जगातील सर्वांत मोठी भागी होती आणि ती ५९ वर्षे, म्हणजे २००६ पर्यंत, मोडली गेली नाही. होळकरांनी आदल्याच हंगामात म्हैसूरविरुद्ध ८ बाद ९१२ वर डाव घोषित केला होता. त्या एका डावात सहा शतके झाली, आणि शतकवीरांची नावे पाहावीत : भांडारकर, सरवटे, जगदाळे, कर्नल सी. के. नायडू, निंबाळकर, प्रतापसिंह. सहांतील चार आडनावे आपल्या लग्नपत्रिकांवर नेहमी दिसणारी. हे चंदू सरवटे जन्माने सागरचे. १९४६ च्या इंग्लंड दौऱ्यात सरे संघाविरुद्ध शेवटच्या गड्यासाठी त्यांनी आणि शुटे बॅनर्जी यांनी २४९ धावा जोडल्या. दहाव्या आणि अकराव्या क्रमांकाच्या फलंदाजांनी एकाच डावात शतके काढावीत, हा प्रकार आजही ऐकणाऱ्यास खोटा वाटतो.

मुंबईशी होळकरांची चुरस तर त्याहून कडवी. मार्च १९४५ च्या अंतिम सामन्यात दोन्ही संघांनी मिळून २,०७८ धावा केल्या. मर्चंट यांनी २७८ काढल्या. होळकरांपुढे ८६७ धावांचे लक्ष्य आले, तेव्हा युद्धामुळे हिंदुस्थानात नेमणुकीवर असलेले डेनिस कॉम्प्टन त्यांच्याकडून नाबाद २४९ खेळले. मुश्ताक अलींनी तर दोन्ही डावांत शतके ठोकली. तरी ३७४ धावांनी पराभव. तीन वर्षांनी, १९४७-४८ मध्ये, त्याच मुंबईला अंतिम सामन्यात हरवून होळकरांनी उट्टे काढले.

आणि आमचे ग्वाल्हेर? येथे आम्हांस थोडे हळू बोलावे लागते. शिंद्यांच्या या राजधानीच्या नावाचा संघ रणजी करंडकात एकाच हंगामात, १९४३-४४ मध्ये, उतरला आणि एकच सामना खेळला. इंदूरकर मंडळी भेटली की हा विषय निघतोच. आम्ही तेव्हा हॉकीकडे बोट दाखवितो. मेजर ध्यानचंद यांचे धाकटे बंधू कॅप्टन रूपसिंह, ज्यांनी १९३२ च्या ऑलिंपिकमध्ये अमेरिकेविरुद्धच्या २४-१ या विजयात एकट्याने दहा गोल केले, ते ग्वाल्हेर संस्थानच्या सैन्यात होते आणि १९७७ मध्ये त्यांचे निधनही येथेच झाले. सिटी सेंटरच्या परिसरातील स्टेडियम त्यांच्याच नावाचे. पुढे त्या हॉकीवीराच्या मैदानावर क्रिकेट नांदले आणि २४ फेब्रुवारी २०१० रोजी सचिन तेंडुलकर यांनी दक्षिण आफ्रिकेविरुद्ध पुरुषांच्या एकदिवसीय आंतरराष्ट्रीय क्रिकेटमधील पहिले द्विशतक तेथेच पुरे केले. इंदूरकरांस गप्प करण्यास एवढे सामान्यतः पुरते.

संस्थाने गेली आणि नकाशा पुन्हा आखला गेला. १९४८ साली मध्य भारत हे राज्य झाले, त्यात हिवाळी राजधानी ग्वाल्हेर आणि उन्हाळी राजधानी इंदूर अशी वाटणी करावी लागली, यावरूनच दोन शहरांतील स्पर्धा किती नाजूक होती ते कळावे. होळकरांच्या नावाचा संघ १९५४-५५ च्या हंगामानंतर संपला. त्याच्या जागी मध्य भारत आला, आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाल्यावर मध्य प्रदेश. राजधानी ना ग्वाल्हेरला, ना इंदूरला. ती भोपाळला गेली. उच्च न्यायालय जबलपूरला. क्रिकेटचे ठाणे मात्र इंदुरासच राहिले.

त्याच दिवशी नागपूर आणि विदर्भ जुन्या मध्य प्रदेशातून निघून मुंबई राज्यात, आणि १९६० पासून महाराष्ट्रात गेले. क्रिकेटच्या नकाशाने ही रेघ मानली नाही. १९५७-५८ मध्ये विदर्भाचा संघ रणजी करंडकात आला तो स्वतंत्र संघ म्हणून; आणि पुढे त्याची जागा ठरली ती पुणे-मुंबईच्या पश्चिम विभागात नव्हे, तर आमच्याबरोबर मध्य विभागात. ती आजही तशीच आहे. नागपूरचा खेळाडू मतदान करतो महाराष्ट्रात आणि दुलीप करंडकात खेळतो मध्य प्रदेश, राजस्थान, उत्तर प्रदेश यांच्या खांद्यास खांदा लावून. सप्टेंबर २०२५ मध्ये मध्य विभागाने दक्षिण विभागास हरवून दुलीप करंडक जिंकला. कर्णधार इंदूरचे पाटीदार, आणि अंतिम सामन्यात १९४ धावा काढणारे यश राठोड विदर्भाचे. जुना मध्यप्रांत कागदावरून पुसला गेला. चेंडूफळीत तो अजून जिवंत आहे.

होळकरांचा दहा अंतिम सामन्यांचा संघ मोडला आणि त्याच भूमीतील संघाला पुढचा अंतिम सामना खेळण्यास १९९८-९९ साल उजाडले. पुष्कळांचे म्हणणे असे की, एकजीव संघ मोठ्या राज्यात विरघळविला म्हणून हे झाले. आम्हांस हे अर्धेच खरे वाटते. यशवंतराव होळकरांनी नायडूंसारख्यांना संस्थानच्या सैन्यात हुद्दे देऊन पदरी बाळगले होते. दरबार गेल्यावर तो आधारच गेला. विभागाची रेघ बदलली नसती, तरी पगार देणारा नाहीसा झाल्यावर संघ किती दिवस टिकता? खेळातील गटबदलांविषयी बोलताना पैसा कोठून येतो आणि कोणाकडे जातो हे आधी पाहावे, हा धडा येथूनच घ्यावयाचा.

आता विभाग पाडण्याचे डावपेच पाहू. रणजी करंडकात १९६९-७० पर्यंत प्रत्येक विभागाचा विजेता एकटाच पुढे जाई. पश्चिम विभागात मुंबई, महाराष्ट्र, गुजरात, बडोदे, सौराष्ट्र. १९५८-५९ ते १९७२-७३ अशी सलग पंधरा वर्षे करंडक मुंबईकडे राहिला, म्हणजे त्या काळात महाराष्ट्र किंवा बडोदे कितीही चांगले खेळले तरी घरच्या उंबरठ्यावरच त्यांची वाट अडत होती. देशातील दुसऱ्या क्रमांकाचा संघ कदाचित पुण्यातच असेल, पण ते सिद्ध करण्याची सोय नव्हती. १९७०-७१ पासून प्रत्येक विभागातील पहिल्या दोघांस पुढे घेण्याचे ठरले, आणि त्याच वर्षी अंतिम सामन्यात उभे कोण राहिले? मुंबई आणि महाराष्ट्र! गावसकर-वाडेकर आदी मंडळी वेस्ट इंडीजच्या दौऱ्यावर असताना सुधीर नाईक यांच्या नेतृत्वाखाली मुंबईने तो सामना ४८ धावांनी जिंकला. नियमातील एका ओळीने जे झाकले होते, ते दुसऱ्या ओळीने उघड झाले. आमच्या मध्य विभागात भिंत होती राजस्थानची. १९६०-६१ ते १९६९-७० या दहा हंगामांत त्यांनी सात वेळा अंतिम सामना गाठला आणि सातही वेळा मुंबईकडून हरले. त्या राजस्थानच्या पाठीमागे मध्य प्रदेश आणि विदर्भ रांगेत उभे.

२००२-०३ मध्ये विभागच मोडून टाकण्यात आले. भूगोल गेला, बळ आले : वरच्या फळीचे संघ 'एलिट' गटात, उरलेले 'प्लेट' गटात. याचा लाभ झाला नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. २०१०-११ साली राजस्थानाने खालच्या प्लेट गटातून वर येऊन करंडक जिंकला. साठ सालापासून वाट पाहणाऱ्यांचे पारणे फिटले. विदर्भाने २०१७-१८ चा अंतिम सामना इंदूरच्या होळकर स्टेडियमवर दिल्लीविरुद्ध जिंकला, पुढच्या वर्षी नागपूरला पुन्हा जिंकला आणि २०२४-२५ मध्ये तिसऱ्यांदा. पहिल्या दोन विजयांच्या वेळी प्रशिक्षक पंडितच होते. मध्य प्रदेशाचा २०२२ चा विजयही नव्या रचनेतलाच. लहान संघांना विभागाच्या भिंतीआड कोंडून ठेवणे संपले, हे चांगलेच झाले.

पण शेजाऱ्याशी दर वर्षी ठरलेली गाठ गेली. पूर्वी मध्य प्रदेश आणि विदर्भ, मुंबई आणि महाराष्ट्र, बडोदे आणि गुजरात यांचा सामना दर हंगामात होणारच अशी खात्री असे. आता गट दर हंगामी नव्याने पडतात. शेजारी भेटला तर भेटला. मार्च २०२४ मध्ये नागपूरला उपांत्य सामन्यात विदर्भाने मध्य प्रदेशाचा ६२ धावांनी पराभव केला, तेव्हा ग्वाल्हेर-नागपूर असे दुहेरी नाते असलेल्या घरांत जी दूरध्वनीवरून चिडवाचिडवी झाली, ती गोडी एखाद्या दूरच्या संघाविरुद्धच्या विजयातही येत नाही. दुलीप करंडकात तर २०२४ साली विभाग रद्द करून अ, ब, क, ड अशा अक्षरांचे संघ करण्यात आले. अक्षरावर कोण प्रेम करणार? पुढच्याच वर्षी विभाग परत आले, हे ठीक झाले.

अमेरिकेत ज्यांची मुले-नातवंडे शिकत आहेत, त्यांनी हाच प्रकार तेथे फार मोठ्या प्रमाणावर पाहिला असेल. तेथील विद्यापीठांच्या क्रीडास्पर्धा प्रादेशिक संघटनांतून चालतात. त्यांतील पश्चिम किनाऱ्यावरची संघटना १९१५ पासूनची. ३० जून २०२२ रोजी लॉस एंजल्सच्या दोन मोठ्या विद्यापीठांनी तिच्यातून बाहेर पडण्याचे जाहीर केले आणि २०२४ पर्यंत बारांपैकी दहा सभासद निघून गेले. मागे उरली दोन. कारण उघड होते : फुटबॉलच्या प्रक्षेपणाचे हक्क विकून मिळणारा पैसा दुसऱ्या संघटनांकडे अधिक होता. परिणाम मात्र विनोदी झाले. 'बिग टेन' म्हणविणाऱ्या संघटनेत आता अठरा विद्यापीठे आहेत. पॅसिफिक महासागराजवळची स्टॅनफर्ड आणि बर्कली ही विद्यापीठे 'अटलांटिक किनारा' या नावाच्या संघटनेत खेळतात! लॉस एंजल्सच्या विद्यार्थ्यांस न्यू जर्सीच्या विद्यापीठाशी गटातला सामना खेळण्यासाठी जवळजवळ चार हजार किलोमीटर जावे लागते, आणि हे केवळ फुटबॉलवाल्यांस नव्हे, तर ज्यांच्या खेळास दूरचित्रवाणीवर कोणी विचारीत नाही त्या व्हॉलीबॉलच्या मुलींसही.

तेथील दोन उदाहरणे बोलकी आहेत. ओक्लाहोमा विद्यापीठ आणि ओक्लाहोमा स्टेट विद्यापीठ यांच्यातील फुटबॉलचा सामना १९०४ साली सुरू झाला होता. ओक्लाहोमाने संघटना बदलली आणि नोव्हेंबर २०२३ नंतर तो थांबला. उलट टेक्सस आणि टेक्सस ए. अँड एम. या शेजाऱ्यांचा सामना २०११ नंतर अशाच एका गटबदलामुळे बंद पडला होता, तो दोघेही योगायोगाने एकाच संघटनेत आल्यावर नोव्हेंबर २०२४ मध्ये पुन्हा सुरू झाला. मधली तेरा वर्षे दोन्हींकडचे लोक एकमेकांची निंदा करण्यास पारखे झाले होते, यात विनोद असला तरी दुःखही आहे. ज्या मुलाने २०१२ साली प्रवेश घेऊन चार वर्षांत पदवी मिळविली, त्याला हा सामना मिळालाच नाही, आणि तो परत कधी मिळणारही नाही.

आपल्याकडील विद्यापीठांच्या स्पर्धा सुदैवाने अजून पैशाच्या मागे धावत नाहीत, कारण धावण्याजोगा पैसाच त्यांत नाही. १९२५ साली स्थापन झालेले आंतरविद्यापीठ मंडळ, आजची भारतीय विद्यापीठ संघटना, विभागवार सामने भरविते. रोहिंटन बारिया चषक १९३५ पासूनचा. गावसकरांसारखे फलंदाज विद्यापीठाच्या क्रिकेटमधूनच पुढे आले. येथे मौज अशी की, विद्यापीठांचा नकाशा क्रिकेट मंडळाच्या नकाशाशी जुळत नाही. सिटी सेंटरला लागूनच असलेले, १९६४ साली स्थापन झालेले आमचे जिवाजी विद्यापीठ बहुतेक खेळांत पश्चिम विभागात मोडते. मुंबई, पुणे, नागपूर, बडोदे यांच्या विद्यापीठांसमवेत. म्हणजे ग्वाल्हेरचा मुलगा महाविद्यालयात असेपर्यंत 'पश्चिम', आणि राज्याच्या संघात निवडला गेला की 'मध्य'. नागपूरच्या मुलाचेही तेच.

आमच्यासारख्यांच्या घरांस या पश्चिम विभागाचे मोल फार आहे, आणि ते खेळापुरते नाही. ग्वाल्हेरची मुलेमुली आंतरविद्यापीठ सामन्यांसाठी झेलम किंवा पंजाब मेल पकडून पुण्या-मुंबईकडे जातात, तेव्हा कित्येकांच्या बाबतीत आजी-आजोबांच्या गोष्टींतला महाराष्ट्र ती प्रथमच डोळ्यांनी पाहतात. तिकडे त्यांस 'एम. पी. वाले' म्हणतात, येथे वर्गात ती 'मराठी' असतात. मराठी ती बोलतात, पण तीत 'मेरे को' डोकावते आणि समोरचे हसतात. आम्ही शाळेतून पाठविलेले काही विद्यार्थी पुढे अशा सामन्यांस जाऊन आले. परत आल्यावर त्यांच्या बोलण्यात दोनच विषय असतात : मैदान कसे होते आणि आपली भाषा ऐकून ती मुले कशी हसली. पण हसणाऱ्यांशी त्यांनी तीन दिवस सामना दिलेला असतो. हरले तरी ओळख होते. भाषणे देऊन आणि मेळावे भरवून मराठी मंडळांस जे साधत नाही, ते पश्चिम विभागाच्या कार्यक्रमपत्रिकेने अजाणता साधले आहे.

राज्यातही नव्या रेघा पडत आहेत. २०२४ पासून मध्य प्रदेशाची स्वतःची वीस षटकांची लीग ग्वाल्हेरच्या शंकरपूर येथील नव्या माधवराव सिंधिया स्टेडियमवर सुरू झाली. आरंभी ग्वाल्हेर, माळवा, भोपाळ, जबलपूर, रीवा असे पाच संघ होते. २०२५ मध्ये चंबळ आणि बुंदेलखंड यांची भर पडली. इंदूर-ग्वाल्हेरची जुनी चुरस दिव्यांच्या झोतात पुन्हा रंगली, पण शेजारच्या चंबळचा नवा संघ उभा राहून ग्वाल्हेरच्या प्रेक्षकांचेही दोन भाग झाले. ग्वाल्हेरने बोधचिन्ह घेतले ते चित्त्याचे. चित्ते राहतात श्योपूर जिल्ह्यातील कुनोत, आणि श्योपूर चंबळ विभागात! चंबळकरांनी मग घडियाल घेतला. चित्त्याच्या मालकीवरून दोन विभागांत वाद झाला नाही, याचे आम्हांस थोडे आश्चर्यच वाटले. या लीगमधून खेळाडूंस पैसा आणि नाव मिळते ते मिळो. तिच्यावर आमचा राग नाही. मात्र संघ मालकाचा असतो, नाव आज एक उद्या दुसरे होऊ शकते, आणि मालक बदलला की होळकरांच्या संघाचे झाले तेच होण्यास वेळ लागत नाही.

म्हणून आमच्या मनात एक योजना आहे आणि ती या पानावर मांडण्याचे धाडस आम्ही करीत आहोत. ग्वाल्हेर, इंदूर, बडोदे आणि नागपूर या चार ठिकाणच्या मराठी संस्थांनी आपापल्या गावच्या शाळकरी मुलामुलींचा एकेक संघ करावा आणि दर वर्षी एकदा भेटावे. हे चार गाव निवडण्याचे कारण वर आलेच आहे : होळकर, गायकवाड, शिंदे आणि भोसले यांच्या या राजधान्या, आणि यांतील तिघांनी रणजी करंडकाच्या इतिहासात आपले नाव कोरले आहे. चौथ्याला, म्हणजे आम्हांला, आपल्या एकुलत्या एक सामन्याची भरपाई करावयाची आहे. संघात केवळ मराठी आडनावाची मुले घ्यावीत असे मात्र कोणी सुचवू नये. होळकरांच्या संघात नायडू आणि मुश्ताक अली होते म्हणूनच तो होळकरांचा संघ झाला. त्या त्या गावच्या शाळेत शिकणारे मूल, एवढीच अट पुरे. मुलींचा सामना मुलांच्या सामन्याइतक्याच षटकांचा असावा आणि तो आधी खेळवावा, म्हणजे पाहुणे जेवून पांगण्याच्या वेळेपर्यंत तो लांबणार नाही.

गट पाडू नयेत; चारच संघ, प्रत्येकाने प्रत्येकाशी खेळावे. यजमानपद वर्षागणिक फिरते असावे आणि क्रम एकदा ठरला की बदलू नये. पाहुण्या मुलांस धर्मशाळेत न उतरविता घरोघर उतरवावे. महिना नोव्हेंबरचा, दिवाळीनंतरचा दुसरा आठवडा. डिसेंबरात आमच्याकडे धुके पडू लागते, गाड्या सहा-सहा तास उशिरा धावतात, आणि शाळांतून परीक्षाही असतात. खर्चाचे म्हणाल तर चेंडू, पंचांचा प्रवास आणि दुपारचे जेवण यांपलीकडे फारसा नाही. चषकावर पैसे घालविण्याचे कारण नाही, एखाद्या जुन्या वाड्यातील तांब्याचा घंगाळ मांजून ठेवला तरी चालेल. बडोद्याच्या आणि इंदूरच्या मंडळींनी आपल्याकडील कोणते मैदान या आठवड्यात मिळू शकेल ते मासिकाच्या पत्त्यावर कळवावे. नागपूरकरांस आम्ही वेगळे पत्र घालीत आहोत.